थकवा नावाची तक्रार : ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्याविषयी एक निवेदन

(संस्थेच्या वर्धापनदिनाच्या सभेत रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातर्फे झालेले भाषण)



अहवालवर्षातील कामकाजाचा, जमाखर्चाचा आणि नव्या यंत्रसामग्रीचा तपशील आपल्या हाती असलेल्या पुस्तिकेत अन्यत्र दिलेला आहे. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ घ्यावा असे आम्हांस वाटत नाही. बाह्यरुग्ण विभागात नित्य ऐकू येणाऱ्या, आणि तरीही आमच्या कोणत्याही तक्त्यात स्वतंत्र रकाना नसलेल्या एका तक्रारीविषयी बोलण्याची अनुमती आज आम्ही मागत आहोत. ती तक्रार म्हणजे थकवा. आणि ती घेऊन येणारी स्त्री म्हणजे बालाघाटच्या डोंगररांगेतील गावांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी मजूर स्त्री.

'मला थकवा आहे' असे शब्द ती सहसा वापरत नाही. अंगात जीव राहिला नाही, हातपाय गळतात, कंबर धरली आहे, डोके भणभणते, अंगावरून पांढरे जाते, जेवण गोड लागत नाही, अशा वाक्यांतून ती बोलते, आणि पुष्कळदा ही सर्व वाक्ये एका दमात येतात. आपल्या भाषेत 'शीण' असा एक सुंदर शब्द आहे. शीण उतरतो. चार घास पोटात गेले, पाठ टेकली, सकाळ झाली की तो उतरलेला असतो, अशी त्या शब्दातच एक खात्री आहे. या स्त्रिया जे सांगतात ते उतरत नाही. पाडव्याच्या सुमारास टोळ्या गावी परततात, पुढे आषाढ-श्रावण येतो, हाताला फारसे काम नसते, आणि तरीही ते तसेच असते.

यंत्रयुगातील नोकरदार माणसाच्या अशाच अवस्थेला पाश्चात्त्य मानसशास्त्राने 'बर्नआउट' असे नाव दिले आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांची अवस्था पाहून १९७४ मध्ये हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला. पुढे ख्रिस्तिना मॅस्लाक आणि त्यांच्या सहकारी सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली सिद्ध केली. परिचारिका, शिक्षक, समाजसेवक अशी इतरांची सेवा करणारी मंडळी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची व्याख्या केली तेव्हा एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट केली : हा रोग म्हणून नोंदलेला नाही, ही कामाशी निगडित अवस्था आहे. दीर्घकाळ चाललेल्या आणि आवरता न आलेल्या कामाच्या ताणातून ती येते. तिची तीन अंगे सांगितली आहेत. शक्ती पार संपून गेल्याची जाणीव, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे.

या व्याख्येतील सर्वांत उपयोगाची बाब आम्हांस ही वाटते की ती कारण शोधण्यासाठी माणसाच्या स्वभावाकडे पाहत नाही, त्याच्या कामाकडे पाहते. प्रश्नावली तयार करणाऱ्या विद्वानांनी डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी स्त्री कल्पिली नसेल. पण त्यांची व्याख्या तिला लावून पाहण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र तसे करण्यापूर्वी तिचे काम काय असते ते सांगितले पाहिजे. आपल्यापैकी जे मराठवाड्यातील आहेत त्यांना हे ठाऊक आहे. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी थोडे विस्ताराने सांगतो.

दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडे, कोणी सीमा ओलांडून कर्नाटकात. या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. हिशेब कोयत्याच्या नावे, उचल कोयत्याच्या नावे, आणि बहुधा पैसे पुरुषाच्या हाती. तेव्हा स्त्रीने किती ऊस तोडला, किती वाहिला, याची स्वतंत्र नोंद कोठेच होत नाही. जिच्या कामाची नोंद नाही तिच्या थकव्याची नोंद नसावी, यात नवल ते काय?

फडात सर्वसाधारणपणे पुरुष कोयत्याने ऊस तोडतो. स्त्री पाचट काढते, वाढे छाटते, ऊस गोळा करून वाढ्यांनीच मोळी बांधते आणि ती डोक्यावर उचलून वाहनापर्यंत नेते. ट्रक किंवा ट्रॅक्टर उभा करून अशा रीतीने डोक्यावरून माल भरण्याच्या पद्धतीला 'डोकी सेंटर' असेच नाव पडले आहे. एक मोळी पंचवीस-तीस किलोंची, कधी त्याहूनही जड. पंचवीसच धरली तरी एका टनाला चाळीस मोळ्या होतात. एका कोयत्याने दिवसाकाठी दोन टन माल काढला तर ऐंशी. त्यातील निम्म्या जरी तिच्या वाट्याला आल्या असे मानले, तरी एका दिवसात एक टन वजन त्या मानेवरून आणि त्या कमरेवरून गेलेले असते, आणि शेवटचा भाग उतरत्या फळीवरून तोल सांभाळत चढून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हंगाम साधारण पाच महिन्यांचा.

परंतु केवळ ओझे सांगून ही कथा पुरी होत नाही, कारण ओझे पुरुषही वाहतो. स्त्रीचा दिवस त्याच्या आधी सुरू होतो आणि त्याच्या नंतर संपतो. पहाटे तीन-चारला उठून चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, पाणी शोधून आणायचे, तान्हे मूल असेल तर त्याला फडाच्या बांधावर झोळीत टाकायचे. दुपारपर्यंत तोड, मग भरणी. कोपीवर परतल्यावर पुन्हा चूल आणि पाणी. आणि वाहन रात्री नऊला आले काय, बाराला आले काय, भरायला उठावे लागते, कारण वाहन थांबून राहत नाही. झोपेचे तास सलग नसतात, ठरलेले नसतात. निद्रेच्या या तुकड्यांविषयी आम्ही डॉक्टर मंडळी फार क्वचित विचारतो. 'झोप लागते का?' असे विचारतो. 'लागते' असे उत्तर येते, आणि ते खरेच असते. पाठ टेकताच तिला झोप लागते. किती वेळ मिळते, हा प्रश्न राहून जातो.

त्यात मासिक पाळीचे दिवस येतात. कोपीभोवती संडास नाही, आडोसा नाही, कापड धुवायला पुरेसे पाणी नाही, वाळत घालायला जागा नाही. एक दिवस घरी राहावे तर 'खाडा' पडतो. खाड्याचा दंड दिवसाला पाचशे रुपये असल्याच्या हकिकती २०१९ मध्ये देशभरच्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. आजारपण, बाळंतपण, पाळी, कशालाही या हिशेबात जागा नाही. गरोदर स्त्री अगदी अखेरच्या महिन्यांपर्यंत मोळी उचलते, आणि बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सावरण्याआधी पुन्हा उचलू लागते. अंग बाहेर येणे, लघवी न थांबणे, कमरेचे कायमचे दुखणे यांची कारणे मग निराळी शोधावी लागत नाहीत.

आता ती तीन अंगे घेऊ. शक्ती संपून गेल्याची जाणीव कशी असते, ते वर आलेच. दुसरे अंग, कामापासून मन तुटणे. कचेरीतील माणूस काम टाळतो, रजा टाकतो, साहेबाशी भांडतो, एखादा राजीनामा देतो. उचल घेतलेल्या स्त्रीला हे मार्ग मोकळे नाहीत. पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाणारी उचल अंगावर असते आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मन तुटते, हात मात्र चालूच राहतात. अशी स्त्री आमच्यासमोर येते तेव्हा ती तक्रारीविषयीसुद्धा उदासीन असते, आणि नवऱ्याने किंवा सासूने तिच्या वतीने सर्व सांगून टाकलेले असते. तिसरे अंग म्हणजे आपल्या हातून काम होत नाही असे वाटणे. येथे तर ते वाटण्यावर सोडलेले नाही. ते टनांत मोजले जाते. माल कमी निघाला की उचल फिटत नाही, ती पुढच्या हंगामावर चढते, टोळीत 'यांचा कोयता मागे पडतो' अशी चर्चा होते, आणि दोष बहुतेक वेळा बायकोच्या अशक्तपणावर जातो. ऊसतोडणी दराच्या करारात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, ही निःसंशय स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु दर टनावर आहे. वाढीव दरानेही मोळी तेवढीच जड राहते.

अशी स्त्री उपचारासाठी येते तेव्हा काय घडते, हा आमच्या निवेदनाचा मुख्य भाग आहे.

पहिली पायरी सलाईनची. 'ताकदीची बाटली लावा' ही मागणी रुग्णाकडून येते, नातेवाईकांकडून येते, आणि गावोगावी ती तत्परतेने पुरवलीही जाते. अर्धा लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. चहाचे पाच लहान चमचे. दिवसभर ऊस वाहून नेणाऱ्या स्त्रीला तेवढी साखर शिरेतून, शेकडो रुपये मोजून, विकत घ्यावी लागते, या गोष्टीवर हसावे की रडावे ते समजत नाही. ज्या रुग्णाला उलट्या-जुलाबांनी शुष्कता आली आहे, जो तोंडाने घेऊ शकत नाही, त्याच्यासाठी सलाईन जीवनदायी आहे. थकव्यावर ते औषध नाही. येथे उपस्थित असलेल्या नातेवाईकांना आमची विनंती आहे की बाटली न लावणाऱ्या डॉक्टरवर कृपया रुष्ट होऊ नये.

दुसरी पायरी अधिक गंभीर आहे. अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे, कंबर धरणे या तक्रारींचे खापर गर्भाशयावर फोडले जाते, आणि 'पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका' असा सल्ला मिळतो. तीस-पस्तिशीची स्त्री, दोन-तीन मुले झालेली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. पाळीचा त्रास जाईल, खाडे पडणार नाहीत, कर्करोगाची धास्ती मिटेल असे तिलाही वाटते. ती तयार होते. पैसे मुकादमाच्या उचलीतून येतात, म्हणजे ती शस्त्रक्रियाही पुढच्या हंगामात ऊस वाहूनच फेडायची असते.

बीड जिल्ह्यातील हा प्रकार २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. शंभरात सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. दोन पाहण्यांतील वयोगट आणि पद्धती वेगळ्या असल्याने आकडे काटेकोरपणे शेजारी ठेवता येणार नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही अंतर एवढे मोठे आहे की ते पद्धतीच्या फरकाने भरून निघणारे नाही. त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया मुळातच वाईट असे आमचे म्हणणे नाही. मोठ्या गाठी, अन्य उपायांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग पूर्ण बाहेर येणे, कर्करोग, या स्थितींत ती करावी लागते आणि आम्हीही करतो. आमचे म्हणणे इतकेच की थकव्यावर ती उपाय नाही. उलट तिच्यासोबत बीजकोष काढले गेले तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, मन उदास होते. बीजकोष ठेवले तरी रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येण्याचा संभव असतो. पोटावरच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड उचलू नये असा सल्ला आम्ही कागदावर लिहून देतो. तो कागद घेऊन ती फडावर जाते. ज्या थकव्यासाठी पिशवी काढली तो थकवा दुसऱ्याच हंगामात दुप्पट होऊन परत येतो, आणि आता काढण्याजोगे काही शिल्लक नसते.

या तक्रारींचा शास्त्रीय अर्थ लावण्याचे मोलाचे काम आपल्याच परिसरात झालेले आहे, आणि दुर्दैवाने ते जितके वाचले जावे तितके वाचले जात नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा जननमार्गाचा काही ना काही विकार होता, आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीचे दुखणे खरे असते, ते कोणी विचारीत नाही म्हणून दिसत नाही, हे त्या अभ्यासाने जगाला दाखविले.

दुसरा अभ्यास गोव्यातील. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा ते पन्नास वयाच्या स्त्रियांना नेमके थकव्याविषयीच विचारले. २,४९४ स्त्रिया सहभागी झाल्या, आणि निष्कर्ष २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिने वा अधिक काळ टिकलेला थकवा सांगितला. कुटुंबावरील कर्ज, कमी शिक्षण, नवऱ्याकडून होणारा छळ, उदासीनता आणि चिंता यांच्याशी त्या थकव्याचा संबंध दिसला. रक्तातील हिमोग्लोबिनशी दिसला नाही. त्याच मंडळींच्या दुसऱ्या पाहणीत अंगावरून जाण्याच्या तक्रारीचेही नाते जंतुसंसर्गापेक्षा मनःस्थितीशी आणि परिस्थितीशी अधिक जवळचे आढळले.

याचा अर्थ कोणी असा करू नये की रक्त तपासायचे नाही आणि 'सगळे मनाचे खेळ' म्हणून स्त्रीला परत पाठवायचे. महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले आहे. तो शोधला पाहिजे, लोहाच्या गोळ्या दिल्या पाहिजेत, जंताचे औषध दिले पाहिजे. संसर्ग असेल तर त्यावर औषध आहे. परंतु रक्त भरून आले, संसर्ग गेला, आणि तरीही अंगात जीव नाही असे ती म्हणाली तर केसपेपर बंद करता येत नाही. गोव्याच्या अभ्यासातील कर्ज, मार आणि उदासी या तीन शब्दांपुढे उचल, खाडा आणि तुटकी झोप हे शब्द लिहून पाहावेत. ऊसतोड स्त्रीचा केसपेपर तेथे लिहिलेला आहे.

आता रुग्णालयातील व्यवस्थेविषयी. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तपासण्यापूर्वी काही साधे प्रश्न आमच्या परिचारिका विचारतात. किती हंगाम झाले? डोकी सेंटरला जाता की टायर गाडीवर? यंदा उचल किती राहिली? भरणीला रात्री उठावे लागते का? लघवीला जायला आडोसा असतो का? घरात हात उचलला जातो का? शेवटचा प्रश्न एकांतात, सासू आणि नवरा बाहेर असताना. या प्रश्नांना वेळ लागतो. तीन मिनिटांच्या तपासणीत ते बसत नाहीत, आणि बाहेरच्या बाकांवरील रांग त्यामुळे लांबते. रांगेविषयीची तक्रार सूचना-पेटीत वारंवार येते, ती आम्ही वाचतो. या थांबण्याचे कारण काय, ते आज सांगून टाकले.

या प्रश्नांचा फायदा लगेच दिसतो. लघवीला जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणारी स्त्री ओटीपोटाच्या जळजळीने येते, तेव्हा तिला औषधाइतकीच गरज टोळीतल्या चार बायकांनी मिळून उभारलेल्या एका आडोशाची असते. कमरेच्या दुखण्याला मोळी उचलण्याची रीत, बाळंतपणानंतर किती आठवडे उचलू नये, ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम, या गोष्टी सांगणारी व्यक्ती लागते. आणि ते सांगताना नवरा समोर असावा लागतो, कारण पाच किलो हलकी मोळी बांधायची की नाही हा निर्णय दोघांचा आहे. येथे पुरुषमंडळींना एक सांगणे आहे. पाणी आणण्याचे आणि रात्रीच्या भाकरीचे काम अर्धे वाटून घेतले तर त्या स्त्रीला सलग चार-पाच तासांची झोप मिळू शकते. तेवढे तर मुकादमाच्या हाती नाही, कारखान्याच्या हाती नाही, शासनाच्याही नाही.

उदासीनतेची लक्षणे असलेल्या स्त्रियांना समुपदेशन आणि आवश्यक तेथे औषधे देतो. फडावर गेल्यावर काय, हा प्रश्न राहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आम्ही प्रत्येकीच्या कार्डावर छापून देतो. तेथे मराठीतून बोलता येते. फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो, ही अडचण आहे.

मोठे प्रश्न आमच्या हातातील नाहीत. या स्त्रीचा मालक कोण, कारखाना, वाहतूकदार की मुकादम, याचे उत्तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून देतो. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावे २०१९ मध्ये कल्याणकारी महामंडळ स्थापण्याचा निर्णय झाला. कारखान्याने आणि शासनाने टनामागे प्रत्येकी दहा रुपये त्यास द्यावेत अशी योजना आहे. त्या पैशातून कोपीजवळ पाणी आणि संडास उभे राहिले तर आमच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दी आम्ही काही न करता कमी होईल, अशी आमची धारणा आहे. तोपर्यंत दवाखान्याच्या भिंतींच्या आत जे करता येते ते करावयाचे.

त्यासाठी विश्वस्त मंडळापुढे आणि देणगीदारांपुढे काही गोष्टी ठेवतो. आमच्या देणगीदारांनी या संस्थेला क्ष-किरण यंत्र दिले, शस्त्रक्रियागृह दिले, रुग्णवाहिका दिली. त्यांची नावे संगमरवरी पाट्यांवर आदराने कोरलेली आहेत. आज आम्ही ज्या गोष्टी मागत आहोत त्यांवर पाटी बसविता येणार नाही, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे. एका पूर्णवेळ स्त्री-समुपदेशकाचे मानधन हवे आहे. आठवड्यातील दोन दुपारी डॉक्टरांनी निम्मेच रुग्ण पाहावेत आणि प्रत्येकीला दुप्पट वेळ द्यावा, त्यामुळे केसपेपरच्या उत्पन्नात येणारी घट मंडळाने सोसावी, अशी विनंती आहे. गर्भाशयाची शस्त्रक्रिया सुचविलेल्या कोणाही स्त्रीला दुसरे मत विनाशुल्क मिळावे, आणि त्यासाठी लागणारी सोनोग्राफी व गर्भाशयमुखाची तपासणी धर्मादाय निधीतून व्हावी.

आणखी एक. आमच्या वॉर्डांतील आया, सफाई करणाऱ्या मावशी आणि धुलाईघरातील स्त्रिया यांच्यापैकी काही जणी पूर्वी फडावर जात असत. त्यांच्या बहिणी-जावा आजही जातात. रुग्णाची खाट सरकविणे, ओल्या चादरींचे गाठोडे दुसऱ्या मजल्यावरून खाली आणणे, रात्रपाळी करून सकाळी घरचा स्वयंपाक करणे, ही कामेही पाठीवरच होतात. त्यांच्या पाळ्यांच्या फेरबदलाचे टिपण आणि धुलाईघरासाठी ढकलगाडीची मागणी आम्ही कार्यालयाकडे दिलेली आहे. बाहेरच्या स्त्रीला जे प्रश्न आम्ही विचारतो तेच त्यांनाही यंदापासून वर्षातून एकदा विचारले जातील.

टोळ्या दसऱ्याच्या सुमारास निघतात. त्यापूर्वीच्या पंधरवड्यात गावोगावी जाऊन रक्ततपासणी, पाच महिन्यांच्या लोहगोळ्यांचे वाटप, गरोदर स्त्रियांची नोंद आणि जेथे त्या जाणार त्या भागातील शासकीय रुग्णालयाचा पत्ता कार्डावर लिहून देणे, असा कार्यक्रम आखलेला आहे. पाडव्यानंतर टोळ्या परततील तेव्हा तीच कार्डे घेऊन त्याच स्त्रियांना पुन्हा भेटावयाचे आहे. दोन्ही वेळी वाहन, औषधे आणि बरोबर येणारी माणसे लागतील. वाहनाचा खर्च उचलण्याची तयारी आपल्यापैकी एका कुटुंबाने नाव न सांगण्याच्या अटीवर आजच दर्शविली आहे. औषधांची यादी आणि अंदाजपत्रक सभागृहाबाहेरील मेजावर ठेवलेले आहे. ज्यांना या शिबिरांत स्वतः यावयाचे असेल त्यांनी, विशेषतः भगिनींनी, तेथेच आपले नाव नोंदवावे.